चमचा सपाट की शिगेचा?

पत्र थोडक्यात असं: सिंधुदुर्गातल्या एका गावात आठ जणींचा बचतगट आहे. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साखरेत मुरवून अमृत कोकम करायचं, थोडं आगळ, म्हणजे मिठातला रस, काढायचं, सोलं वाळवायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता. गिऱ्हाईक बहुतेक चाकरमानी. मे महिन्यात नेतात, मग गणपतीत. सरबत टिकावं म्हणून एका प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे सोडियम बेन्झोएट घालतात, “पाच किलोच्या टोपाला चहाचा एक चमचा”. यंदा ठाण्याहून सुनेने एक व्हिडिओ पाठवला. आयएनएस 211 (हा सोडियम बेन्झोएटचाच क्रमांक) म्हणजे विष, युरोपात यावर बंदी, मुलं त्याने चंचल होतात, असं त्यात आहे. सोबत निरोप: चार वर्षांच्या नातीला घरचं सरबत देऊ नका. मुलाचं म्हणणं, बाटलीवर ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ छापा, दीडपट भाव येईल. यजमान म्हणतात, “सरकारान परवानगी दिली ना? मग झाला.” गटातली एक म्हणते, “सगळी घालतत, आपण कित्याक भियाचा?” बाजूच्या गटातली बाई तर रंगही घालते. पत्राच्या शेवटी ताई विचारतात: अकरा वर्षं मी लोकांना काय पाजलं? नातीला देऊ की नको?

ताई,

तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष बेन्झोएटच्या आधी चमच्याकडे गेलं. त्यावर पुढे येते, पण तो चमचा डोळ्यांसमोर असू द्या.

आधी व्हिडिओचं उरकून टाकू. युरोपात बेन्झोएटवर बंदी नाही. तिथे हीच पावडर ई 211 या नावाने खाद्यपदार्थांत वापरतात. अक्षर वेगळं, आकडा तोच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, 2016 साली ती नव्याने तपासली आणि तिची मर्यादाही सांगितली. मुलांच्या चंचलपणाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, तिच्यावर बोलायला हवं.

तुमच्या घरात सूनबाई एका टोकाला आणि यजमान दुसऱ्या टोकाला असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र दोघं एकाच बाकावर बसलेले दिसतात. चांगलं किंवा वाईट असणं हे त्या पावडरीच्याच अंगात आहे, हे दोघांनीही धरून चाललंय. एक म्हणते ती वाईट, दुसरे म्हणतात सरकारने चांगली ठरवली. जे लोक हे तपासतात ते असा प्रश्न विचारतच नाहीत. किती, केवढ्या वजनाच्या माणसाने, किती दिवस, हा त्यांचा प्रश्न असतो.

त्याची रीत सांगते. जगभर ज्यांचं म्हणणं प्रमाण मानतात ती जेक्फा नावाची समिती आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघींची मिळून ती 1956 पासून काम करते. आपल्या देशाची अन्नसुरक्षा संस्था, एफएसएसएआय, मर्यादा ठरवताना तिच्या निष्कर्षांचा आधार घेते. एखादा पदार्थ पुढे आला की आधी त्याचे प्राण्यांवरचे प्रयोग बघतात. उंदरांच्या एका गटाला थोडा, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला त्याहून जास्त, असा तो रोज खायला घालतात. पुष्कळदा त्यांच्या पिल्लांना आणि पिल्लांच्या पिल्लांनाही. वजन, यकृत, मूत्रपिंड, गाठी, जन्मणारी पिल्लं, सगळं बघतात. ज्या मात्रेपर्यंत काहीच बिघडलं नाही ती मात्रा धरतात आणि तिला शंभराने भागतात.

शंभरच का? उंदरापेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो असं धरायचं, आणि माणसामाणसांतही एखादा दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असू शकतो असं धरायचं. दहा गुणिले दहा. 1954 साली अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्यातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी हा आडाखा मांडला आणि तो रूढ झाला. तो आडाखाच आहे, ताई, कुठल्या सूत्रातून निघालेला नाही. आपण वरणाला पाणी घालताना कसं ‘एखादा पाहुणा आलाच तर’ म्हणून जास्तीचं घालतो, त्यातलाच प्रकार. भागून जे उरतं तो एडीआय: माणसाने किलोभर वजनामागे रोज, जन्मभर, एवढं खाल्लं तरी काळजीचं कारण दिसत नाही.

बेन्झोएटचंच उदाहरण घ्या. त्याचा जुना प्रयोग उंदरांच्या चार पिढ्यांवर झाला होता. किलोमागे 500 मिलिग्रॅम हा त्यातला सगळ्यात मोठा डोस, आणि तोही देऊन वाईट काही दिसलं नाही. शंभराने भागलं, 5 आले. एफ्साने 2016 साली हाच 5 कायम केला. जेक्फाही कैक वर्षं 5 वरच होती. मग नवा अभ्यास आला, त्यात 1000 मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही बिघाड नव्हता. शिवाय हा पदार्थ शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं हे आता चांगलं माहीत आहे: यकृत त्याला ग्लायसिनशी जोडून हिप्युरिक ॲसिड करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणून जेक्फाने 2021 साली शंभराऐवजी पन्नासाने भागलं. 1000 भागिले 50 म्हणजे 20.

तर एकाच पावडरीला युरोपात 5 आणि जेक्फाकडे 20. सूनबाईंना हे सांगितलंत तर त्या म्हणतील, बघा, यांचं यांनाच ठरत नाही! खरं तर दोन्हीकडचे लोक तेच काम करतायत, फक्त समोर असलेला पुरावा आणि किती राखून ठेवायचं हे वेगळं आहे. 5 ओलांडलं की विष, असं दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. एडीआय म्हणजे कड्याची कड नव्हे. कड्यापासून बरंच अलीकडे घातलेला गडगा, दगडी कुंपण, आहे तो.

आता नातीचा हिशोब करू, त्यासाठी तर पत्र लिहिलंत. चार वर्षांची पोर, वजन 15 किलो धरू. युरोपच्या गडग्याने तिला दिवसाला 75 मिलिग्रॅम, जेक्फाच्या गडग्याने 300. एका पेल्याला तुम्ही साधारण 30 मिली अमृत कोकम घालत असाल. ते साखरेने जड असतं, वजनाला 40 ग्रॅम भरतं. सरबत-सिरपसाठी जुन्या फळ उत्पादन आदेशात किलोला 600 मिलिग्रॅम बेन्झॉइक ॲसिड ही मर्यादा होती, प्रशिक्षणांतून आजही हाच आकडा कानावर येतो. तेवढं घातलं असेल तर पेल्यात 24 मिलिग्रॅम जातं. म्हणजे युरोपच्या कडक हिशोबानेही तीन पेले बसतात, जेक्फाच्या हिशोबाने बारा.

तीन पेले म्हणजे खूप, असं शहरात वाटेल. पण आपल्याकडचा मे महिना आठवा. मुंबईची पोर गावात आली की खालच्या घरी सरबत, वरच्या घरी सरबत, देवळातून परतताना आत्याकडे सरबत, आणि ‘नको’ म्हटलं तर यजमानीणबाईंना राग. चार पेले सहज होतात. शीतपेय, सॉस यांतूनही थोडं बेन्झोएट जातंच. एकूण पोटात किती जातं याचा अंदाज हा तपासणीचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते तोच लंगडा भाग. प्रयोगशाळेतला उंदीर तोलून-मापून खातो. मे महिन्यातलं कोकणातलं पोर कुणी तोललंय? तरी लक्षात घ्या, एडीआय जन्मभराच्या रोजच्या सरासरीचा आहे. पाहुणचाराच्या पंधरा दिवसांत युरोपचा आकडा एखाद्या दिवशी ओलांडला म्हणून नातीला काही होणार नाही.

त्याच पेल्याबद्दल आणखी एक सांगते, ज्याचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही. 40 ग्रॅम अमृत कोकमात साखर साधारण 26 ग्रॅम असते. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तेराशेच्या आसपास कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर त्यांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगतेय. म्हणजे 32 ग्रॅम. तुमच्या नातीचा दिवसभराचा साखरेचा वाटा एका पेल्यात जवळजवळ संपतो, आणि तिथे शंभराने भागलेला गडगाबिडगा काही नाही. सून ज्या पेल्याला घाबरते त्यात घाबरण्यासारखं काही असेल तर ते पावडरीच्या आधी हे.

मग यजमान बरोबर आणि विषय संपला? नाही. ‘परवानगी दिली म्हणजे झालं’ हे मला ‘विष आहे’ याइतकंच कच्चं वाटतं, कारण परवानगी म्हणजे आजच्या पुराव्यावरचं आजचं मत. ते बदलतं. आपल्या पावात पोटॅशियम ब्रोमेट घालायला 2016 पर्यंत मुभा होती. कर्करोगाचा संशय त्यावर आधीपासून होता, युरोपने तो कधीच बाद केला होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पाव तपासून तो त्यात सापडल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर एफएसएसएआयने त्याला यादीतून काढलं. गोळ्या-मिठाईवरचा पांढरेपणा आणणारं टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. युरोपने 2022 मध्ये ते अन्नातून बंद केलं. अपाय सिद्ध झाला असं एफ्सा म्हणाली नव्हती. जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच म्हणाली होती. जेक्फाने पुढच्या वर्षी तोच ढिगारा चाळला आणि धोका दिसत नाही म्हणून सांगितलं. दोघांच्या मधल्या या फटीत प्रामाणिक शंका राहू शकते. बरेचसे प्रयोग ज्यांना पदार्थ विकायचाय त्यांच्याच पैशाने होतात, हेही यजमानांच्या कानावर घाला.

आणि तो चंचलपणा. 2007 साली इंग्लंडात साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही आठवडे रोज रस पाजून पाहिला. काही आठवड्यांत त्या रसात कृत्रिम रंगांची मिश्रणं आणि दिवसाला 45 मिलिग्रॅम सोडियम बेन्झोएट होतं, काही आठवड्यांत यातलं काहीच नव्हतं. मिश्रणाच्या आठवड्यांत मुलांत सरासरीने थोडा जास्त चंचलपणा दिसला. सगळ्यांत नाही, आणि दोन्ही वयांत सारखाही नाही. अडचण अशी की रंग आणि बेन्झोएट एकत्रच दिलं होतं, त्यामुळे कशामुळे काय झालं ते वेगळं करता येत नाही. एफ्साने तो पुरावा तोकडा ठरवला. तरीही युरोपने 2010 पासून सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापायला लावला. बेन्झोएटवर तसा इशारा नाही. सूनबाईंना हे जसंच्या तसं सांगा. मुलगी सरबतानंतर खरंच अस्वस्थ होते असं आईला वाटत असेल तर तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, पेला बाजूला ठेवा. त्यात तुमचा काही पराभव नाही.

बाजूच्या गटातल्या बाईंच्या रंगावर मात्र मी इतकी मवाळ राहणार नाही. कोकमाचा रंग उन्हात विटतो, तपकिरी पडतो, हे खरं. पण ती कुठली पुडी घालते? आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांनाही मर्यादा आणि ठरावीक पदार्थच नेमून दिलेत. पेठेत सुट्टी मिळणारी गुलाबी पावडर ऱ्होडामिन बी असू शकते. तो कापडाचा रंग आहे. 2024 मध्ये तो म्हातारीच्या केसांत (कॉटन कँडीत) सापडला म्हणून पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने विक्री थांबवली. इथे शंभराने भागायचा प्रश्नच येत नाही, कारण अन्न म्हणून त्याला कुणी मोजून मर्यादा दिलेलीच नाही. आंब्याच्या पेटीतली कार्बाइडची पुडी याच वर्गात बसते, तिला कायद्याने साफ मनाई आहे. पिकवायचेच तर इथिलीन वायू आहे, 100 पीपीएमपर्यंत. 2018 च्या पावसाळ्यात गोव्यात मासळीतल्या फॉर्मालिनवरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल, तेही इथलंच. बेन्झोएट, ऱ्होडामिन आणि फॉर्मालिन एकाच ओळीत बसवून ‘सगळं केमिकल’ म्हटलं की तपासलेलं आणि न तपासलेलं यातला फरक पुसला जातो. त्यात फायदा कुणाचा होतो, तर गुलाबी पुडीवालीचा.

आता चमचा.

एफएसएसएआय, जेक्फा, उंदरांच्या चार पिढ्या, शंभराचा भागाकार, हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: शेवटी टोपाशी उभं असलेलं माणूस पावडर तोलून घालेल. तुम्ही ‘चहाचा एक चमचा’ लिहिलंत. मी उठले, घरातला चहाचा चमचा घेतला आणि अशीच पावडर छोट्या काट्यावर ठेवून पाहिली. सपाट चमचा 3 ग्रॅमच्या जरा वर. शीग लावून भरला तर साडेसहा. तुमच्या पाच किलोच्या टोपाला किती हवं? मर्यादा बेन्झॉइक ॲसिडची असते आणि आपण घालतो सोडियम बेन्झोएट. 1 ग्रॅम ॲसिडला 1.18 ग्रॅम पावडर लागते. किलोला 600 मिलिग्रॅम ॲसिड म्हणजे 700 मिलिग्रॅम पावडर, पाच किलोला साडेतीन ग्रॅम. सपाट चमच्याने तुम्ही मर्यादेच्या आत. शिगेच्या चमच्याने मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. आणि आठ जणींपैकी कोण सपाट भरते, कोण शीग लावते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसेल.

घाबरू नका. शिगेच्या चमच्याच्या सरबतातही नातीच्या पेल्यात 44 मिलिग्रॅम जातं, युरोपच्या 75 च्या आतच. शंभराचा भागाकार अशा हातांसाठी ठेवलेला नसतो, पण त्याने गडगा लांब घातल्याचा आधार इथेही मिळतो. ‘अकरा वर्षं मी काय पाजलं’ याचं उत्तर तेवढंच. पण कायद्याच्या लेखी ती बाटली नापास, आणि तुमचं खरं काम तिथे आहे. पावडर चांगली की वाईट हे ठरवायला बाकीचं जग बसलंय. तुमच्या टोपात ती किती पडते ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

तर गटाच्या पैशातून एक छोटा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. पावडर फूड ग्रेडची, बंद पाकिटातली, बॅच नंबर असलेली. सुट्टी नको. टोपातलं सरबत आधी तोला. ‘पाच किलोचा टोप’ काठोकाठ भरला की सहा किलो होतो. पावडर कोरडी भुरभुरू नका, वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग ढवळत ओता, नाही तर एका बाटलीत दुप्पट जाते आणि दुसरीत काहीच नाही. तारीख, किलो, ग्रॅम आणि घालणारीचं नाव वहीत लिहा. हंगामातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवून बेन्झॉइक ॲसिड मोजून घ्या. आणि 600 हा आकडा माझ्या भरवशावर धरू नका; नियमावलीत तुमचं सरबत ज्या वर्गात बसतं त्याचा आजचा आकडा अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पदार्थागणिक आकडे बदलतात. लोणच्याचा वेगळा, जॅमचा वेगळा.

ज्या वाचक आंब्याचा गर करतात त्या केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वापरतात. ते कोकमाला चालत नाही, रंग उडवतं, म्हणून कोकम-जांभळाला बेन्झोएट. केएमएसवाल्यांनी दम्याच्या गिऱ्हाइकाचा विचार करून वेष्टनावर ते ठळक लिहावं. आणि लिंबू-आवळ्याच्या सरबतात बेन्झोएट घालणाऱ्यांनी जपावं: क जीवनसत्त्व आणि बेन्झोएट एकत्र, वरून ऊन-उष्णता, की किंचित बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 10 मायक्रोग्रॅम इतकी बारीक ठेवली आहे. तुमच्या अमृत कोकमात कुणी हौसेने लिंबू पिळत असेल तर ते पेल्यात पिळा, बाटलीत नको. आणि हायवेवरच्या दुकानदाराने बाटल्या उन्हात रचल्या असतील तर त्याला दोन शब्द सुनवा.

मुलाची ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ची कल्पना. पावडर घालून असं छापणं म्हणजे सरळ खोटं. चुकीच्या लेबलाला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 52 खाली तीन लाखांपर्यंत दंड आहे. ‘घालायचं पण लिहायचं नाही’ असं गटात कुणी म्हणालं तर तेही त्याच दंडात. पण पावडर सोडून तसं छापायचं असेल तर विचार करण्यासारखं आहे. गंमत म्हणजे आपल्या नियमांत टिकवणाऱ्या पदार्थांचे दोन वर्ग आहेत. वर्ग दोनमध्ये बेन्झोएट, सल्फाइट वगैरे. वर्ग एकमध्ये मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले. म्हणजे तुमच्या आजेसासूबाई पावडरीशिवाय सरबत करत होत्या तेव्हाही प्रिझर्वेटिव्ह घालतच होत्या, गोणीभर.

साखर भरपूर असेल तर कोकम तिच्यावर आणि स्वतःच्या आंबटपणावर टिकतं. पण किती भरपूर? ते डोळ्यांनी नाही, साखरेचं प्रमाण ब्रिक्स या मापात दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघा. हातात मावतो, दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचा. 68 ब्रिक्सच्या वर राहिलात तर आशा आहे. त्याखाली गेलात तर यीस्ट जागं होतं. माझ्या आईने एका वर्षी साखर महागली म्हणून हात आखडता घेतला, पावडर तर ती घालतच नसे. त्यातली एक बाटली घेऊन मी मुंबईच्या गाडीत बसले. कशेडी घाटात वळणावळणाने ती हलली, बूच उडालं आणि समोरच्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर जांभळी नक्षी उमटली. आजोबा चिपळूणपासून गप्पा मारत होते, त्यानंतर पनवेलपर्यंत बोलले नाहीत.

पावडर सोडायची तर बाटली काचेची, लहान, उकळवून कोरडी केलेली. सरबत 80-85 अंशांना तापवून गरम असतानाच भरायचं. चव थोडी बदलते. उन्हात मुरलेल्या अमृत कोकमाचा तो ताजा वास तापवल्यावर तसाच राहत नाही, जुनं गिऱ्हाईक ओळखेल. मुदत कमी छापावी लागेल, ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये’ लिहावं लागेल, आणि गणपतीपर्यंत माल धरून ठेवणं जिकिरीचं होईल. माझं मत विचाराल तर यंदा सगळा माल पालटू नका. पन्नास बाटल्या अशा करा. त्यातल्या चार पडवीत फळीवर ठेवा, पावसाळाभर दर आठवड्याला बूच बघा. फुगलं नाही, तळाशी साका आला नाही, तर पुढच्या वर्षी दीडपट भावाचं बोला. उरलेल्या बाटल्यांवर ‘परवानगी असलेले वर्ग दोन परिरक्षक, आयएनएस 211’ असं वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. मागच्या कोपऱ्यात मुंगीएवढं नको.

आणि आगळ आहेच. मिठावर टिकणारं, पावडरीची गरज नसलेलं, साखर नसलेलं. ब्लडप्रेशरवाल्यांनी जपून, बाकी तुमच्या गटाने त्याच्याकडे ‘थोडं काढतो’ म्हणून दुय्यम बघू नये असं मला वाटतं. नात आली की तिला अर्धा चमचा आगळ, थंड पाणी, नखभर जिरेपूड आणि तिच्या आईदेखत मोजून एक चमचा साखर. अमृत कोकमाचा पेला रविवारी.

पुढचा टोप लागेल त्या दिवशी एक कराल का? कुणालाही न सांगता आठही जणींना एकेक चमचा पावडर काढायला लावा, आणि आठही चमचे नव्या काट्यावर घाला. आकडे मला कळवा. माझा शिगेचा साडेसहा भरला होता. तुमच्यात त्याच्याही वर कोण जातं ते मला बघायचंय.